हिऱ्याची पाठ

हिऱ्याची पट्टी पालथी करायची नाही. सातपूरच्या त्या प्रयोगशाळेत नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या चहाआधी त्याला हा नियम मिळायचा. हिरा म्हणजे जगातली सर्वांत कठीण वस्तू, हे शाळेत घोकून आलेल्यांना त्याचं हसू यायचं. मग कुणीतरी त्यांच्या हाती चिमटा द्यायचं आणि म्हणायचं, "बरं, उलटून दाखव." केसाहून पातळ अशी ती काळपट निळी पट्टी चिमट्यात जरा तिरकी झाली की बारीकसा आवाज यायचा आणि आठवडाभराची मेहनत दोन तुकड्यांत काचेवर पडायची. एकदा असा चेहरा पडलेला माणूस पुन्हा पट्टी उलटायच्या फंदात पडत नसे.

केतकी बोरस्तेच्या हातूनही नोकरीच्या पहिल्या आठवड्यात अशीच एक मोडली होती. आता तीच इतरांना मोडायला लावायची. पट्ट्यांचा दर्जा तपासणाऱ्या विभागाची ती प्रमुख होती आणि तिने 'पास' म्हटल्याशिवाय एकही पट्टी त्या इमारतीबाहेर पडत नव्हती.

हिरा वाढवणं हे तसं स्वयंपाकासारखंच काम. कुकरपेक्षा थोडं मोठं एक भांडं असतं. त्यातली हवा काढून घ्यायची, हायड्रोजन भरायचा, त्यात चवीपुरता मिथेन सोडायचा आणि सूक्ष्मलहरींनी तो वायू इतका तापवायचा की त्याचा जांभळट उजेडाचा गोळा होतो. गोळ्याखाली सिलिकॉनची चकती ठेवलेली असते. मिथेनमधला कार्बन तिच्यावर उतरतो. कार्बन मुळात आळशी; त्याच्या मनावर सोडलं तर तो ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं होऊन पडून राहील. हायड्रोजन ते ग्राफाइट खरवडून नेतो आणि हिरा तेवढा मागे ठेवतो.

सुरुवातीला मात्र सगळा गोंधळ असतो. चकतीवर पेरलेल्या हिऱ्याच्या पुडीतून दाटीवाटीने बारीक कण उगवतात आणि त्यांच्या फटींत ग्राफाइटची घाण अडकून बसते. विरळणी न केलेल्या वाफ्यात होतं तेच. थर जाड होत जातो तसे जोमदार कण बाकीच्यांना दाबून वर येतात आणि वरच्या बाजूला टपोरे, स्वच्छ स्फटिक मिळतात. नंतर खालचं सिलिकॉन आम्लात विरघळवून टाकलं की उरते ती पट्टी. तिची वरची बाजू खरबरीत, पण खरा हिरा तिथे. खालची बाजू आरशासारखी गुळगुळीत, आणि मळकी. केतकी हे दरवर्षी नव्या लोकांना फळ्यावर चित्र काढून शिकवायची.

दर्जा बघायचा तो प्रकाशाने. लेसरचा ठिपका पट्टीवर टाकला की परत येणाऱ्या उजेडातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो, आणि आतले अणू एकमेकांना कसे बांधलेले आहेत ते त्या बदलावरून कळतं. हिरा असेल तर पडद्यावर एक सडपातळ उभी रेघ उमटते. ग्राफाइट असेल तर रेघेशेजारी रुंद उंचवटा दिसतो. त्यानंतरची परीक्षा मिठाच्या पाण्याची. पट्टीत थोडं बोरॉन मिसळलेलं असल्याने तिच्यातून वीज वाहते. ती पाण्यात धरून वीज कमीजास्त करायची. चांगला हिरा पाण्यात गप्प बसतो; ग्राफाइट बडबडतं, म्हणजे पाण्यात काही नसतानाही विजेचे इशारे देत राहतं.

"आपल्याला मुकी पट्टी हवी," केतकी सांगायची. "ती स्वतः गप्प असेल तरच दुसऱ्याचं ऐकेल."

दुसऱ्याचं म्हणजे माणसाच्या मेंदूचं. मेंदूत खोलवर एक कोपरा आहे. दुखणं जाणवणं आणि त्या दुखण्याचं वाईट वाटणं, ही दोन्ही कामं तिथे शेजारीशेजारी चालतात. हिऱ्याची तांदळाएवढी पट्टी तिथे बसवायची. वेदनेच्या वेळी सुटणारी रसायनं ती ओळखते आणि तेवढ्यापुरता विजेचा हलका झटका देऊन तो कोपरा शांत करते. या यंत्राला 'शमनी' म्हणत. ज्यांच्यावर कुठलंच औषध चालत नव्हतं अशी हजारो माणसं शमनीमुळे पुन्हा जेवूखाऊ, हिंडूफिरू लागली होती.

केतकी त्यांतलीच एक होती.

तिच्या डाव्या गालाची नस बिघडली होती. गालाला वारा लागला, केस घासला, पाण्याचा घोट गेला, बोलताना ओठ हलला की चेहऱ्यातून वीज जायची. पुन्हा पुन्हा जायची. गोळ्यांनी नुसती झोप यायची. अशी चार वर्षं घरात पंखा लागला नाही. नाशिकच्या मे महिन्यात खिडक्या बंद ठेवून तिचा नवरा निनाद घामाने निथळत बसायचा आणि तिला पातळ भात चमच्याने उजवीकडून भरवायचा. लिफ्ट दुरुस्त करणारा तो भक्कम गडी, पण तिची किंकाळी ऐकली की जिन्यात जाऊन उभा राहायचा. मुलगी शर्वी तेव्हा लहान होती. आईच्या डाव्या बाजूला झोपायचं नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

शमनी बसवायचं ठरलं तेव्हा सहकाऱ्यांनी मानाने तिला तिची पट्टी निवडायला सांगितली. दुकानात लुगडी उलगडून बघावी तशा तिने पट्ट्या बघितल्या आणि ज्या पट्टीची रेघ सर्वांत बारीक होती, ती घेतली. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी तिने तोंडावर गार पाण्याचा हबका मारला. निनाद न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून ढसाढसा रडला. तिला बरं वाटलं, इतकंच.

त्यानंतर वर्षभराने तिचे वडील गेले. नाना सिन्नरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, आणि लेकीला रोज दुपारी फोन करून गंगापूर धरण किती टक्के भरलं ते सांगणं हे त्यांचं निवृत्तीनंतरचं काम. उन्हाळ्यातसुद्धा सांगायचे. ते झोपेतच गेले. एकुलत्या एक लेकीने सगळं नीट पार पाडलं. माणसं आली गेली, चहापाणी, विधी, कशात काही कमी पडू दिलं नाही. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. काय धीराची बाई आहे, असं नातेवाईक एकमेकांत बोलले, आणि तिलाही ते खरं वाटलं. दुपारी फोन येत नसल्याने तिच्या जास्त पट्ट्या तपासून होऊ लागल्या.

तर एके सकाळी केतकीला शिंक आली.

पूर्वी शिंक म्हणजे तिच्या तोंडचं पाणी पळायचं. आता ती बेफिकीर शिंकली, आणि यंत्राखाली ठेवलेला तुकडा उडाला. प्रत्येक पट्टी कापताना काठाचा एक तुकडा बाजूला काढून डबीत जपून ठेवायची पद्धत होती, आणि त्यातला एखादा चांगला तुकडा लेसरखाली धरून रोज सकाळी यंत्र जुळवून घेतलं जाई. केतकीने तो तुकडा ओल्या ब्रशने टिपून पुन्हा जागेवर ठेवला. पडद्यावर रेघ उमटली, आणि रेघेशेजारी हा एवढा उंचवटा.

भिंग मळलं असेल म्हणून तिने ते पुसलं. दुसरा तुकडा लावून बघितला, रेघ स्वच्छ. पहिला लावला, उंचवटा. मग तिने वाकून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. तुकड्यात छताचा दिवा लखलखीत दिसत होता. तुकडा पालथा पडला होता आणि ती त्याची पाठ मोजत होती.

पाठ मळकी असते हे काही नवं नव्हतं. तिनेच तर ते इतकी वर्षं शिकवलं होतं. ती तुकडा सरळ करायला गेली आणि थांबली. मग उठून शेजारच्या इमारतीत जोडणी विभागाच्या काचेपाशी जाऊन उभी राहिली. आत एक मुलगी काम करत होती. पास झालेली पट्टी तिच्यासमोर खरबरीत बाजू वर करून काचेवर पडलेली. मुलीने शमनीचा डिंक लावलेला इवलासा तळ वरून पट्टीवर टेकवला, दाबला आणि उचलला. पट्टी तळाला चिकटून वर आली. तिची आरशासारखी खालची बाजू आता पुढे होती. मेंदूला टोचू नये म्हणून डॉक्टरांनी गुळगुळीत बाजू मागितली होती, आणि ती अशी आपसूक मिळत होती.

सगळे नियम पाळत होते. पट्टी कुणीच उलटत नव्हतं. तपासली जात होती ती एक बाजू आणि मेंदूला लागत होती ती दुसरी.

अशा वेळी माणसाच्या पोटात खड्डा पडतो. केतकीने जेवणाची वेळ झाली म्हणून डबा खाल्ला. मेथीची भाजी होती. हात धुऊन तिने तुकड्यांच्या कपाटातून स्वतःच्या पट्टीचा तुकडा शोधला, दोन चिमटे आणि जीव लावून तो न मोडता पालथा केला. उंचवटा रेघेहून उंच निघाला. मिठाच्या पाण्यात तर तो तुकडा गप्पच बसेना. बारीक रेघेसाठी निवडलेली ती पट्टी. वरचा हिरा भराभर धरावा म्हणून तिच्या सुरुवातीला मिथेन जास्त सोडला गेला होता, त्यामुळे तिची पाठ इतरांपेक्षाही वाईट होती.

याचा अर्थ लावायला तिला काही वेळ लागला नाही. पट्टी स्वतःचीच बडबड ऐकत होती आणि तिला वेदना समजत होती. वेदना आहे म्हणून झटका देत होती. वेदना संपतच नाही म्हणून झटका वाढवत नेत होती. गेली दोन वर्षं केतकीच्या मेंदूतला तो कोपरा असेल त्या जोराने गप्प केला जात होता. गालाचं दुखणं गेलं ते त्यातच, आणि वाईट वाटणंही त्यातच गेलं. नाना गेले त्या दिवशी तिने धीर धरला नव्हता. धरायला काही नव्हतंच.

तिने हे स्वतःशी स्पष्ट शब्दांत म्हणून पाहिलं. काहीही झालं नाही.

घरी शर्वी दार उघडून तशीच दारात उभी राहिली. सतरा वर्षांची, नानांसारखं रुंद कपाळ. अलीकडे ती काही ना काही कुरापत काढायची. कधी केस विचित्र कापून यायची, कधी न सांगता मैत्रिणीकडे राहायची.

"आई, आज माझा फिजिक्सचा पेपर होता. मी गेलेच नाही."

"बरं," केतकीने चपला काढल्या. "जेवलीस का?"

"आई, बोर्डाचा पेपर होता."

"जुलैत पुन्हा देता येतो ना?"

शर्वी तिच्याकडे बघत राहिली. मग दप्तरातून प्रवेशपत्र काढून तिने टेबलावर आपटलं. त्यावर पर्यवेक्षकाची आजची सही होती. "दिला मी पेपर. चांगला गेला. मला बघायचं होतं तू काय करतेस."

"मग खोटं कशाला बोललीस?"

"तू ओरडावंस म्हणून. एकदा तरी ओरड ना गं. पूर्वी तुला बोलताही यायचं नाही, तरी नुसतं बघितलंस तरी मी घाबरायचे. आता काही केलं तरी तू बरं म्हणतेस. नानांच्या वेळी मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होते, आणि तू माझ्या केसातला गुंता काढत होतीस. आठवतंय तुला?"

केतकीला आठवत होतं. गुंता मोठा होता. तिने मुलीकडे पाहिलं. हिला जवळ घ्यायला हवं हे तिला समजत होतं, जसं पाटीवरचं गणित समजतं. तिने जवळ घेतलं. शर्वी क्षणभर तशीच राहिली आणि मग हळूच बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी केतकीने प्रयोगशाळेचे संचालक डॉ. कुलथे यांना पडद्यासमोर बसवलं आणि दोन्ही बाजू दाखवल्या. कुलथे सर माणूस वाईट नव्हता. त्यांच्या आईला पाठीच्या दुखण्यासाठी हीच शमनी बसवलेली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"एकही तक्रार आलेली नाही गं," ते शेवटी म्हणाले. "एकही. या पट्ट्यांचा निकाल आधीच्या सगळ्यांपेक्षा चांगला आहे."

"तक्रार कोण करणार, सर? मला दुखत नाही हो, अशी तक्रार घेऊन कुणी येतं का?"

"झटक्याची मर्यादा खाली आणली तर?"

"पट्टीला ऐकूच चुकीचं येतंय. मर्यादा कुठेही ठेवा, ती बडबडीलाच उत्तर देणार. पाठ घासून काढलेल्या नव्या पट्ट्या बसवायला हव्यात. त्याला वर्ष लागेल. तोवर शमन्या बंद."

"बंद म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. हजारो माणसं एका दिवसात किंचाळायला लागतील, केतकी. आणि ती सुखात आहेत. माझी आई सुखात आहे. दिवसभर खिडकीत बसते, कुणाबद्दल ब्र काढत नाही."

"पूर्वी काढायच्या?"

कुलथे सरांच्या आईच्या जिभेचा पट्टा सगळ्या कॉलनीला माहीत होता.

"तू स्वतः सांग," त्यांनी विचारलं. "तुझी बंद करावी असं तुला वाटतं?"

"मला काहीच वाटत नाही, सर. तेच तर दाखवतेय."

शेवटी कुलथे सरांनी एक वाट काढली. डॉक्टरांची समिती नुसत्या आलेखावर हलणार नाही. ज्याची पट्टी सर्वांत वाईट अशा एका माणसाची शमनी देखरेखीखाली बंद करायची. औषधासारखा तिचा अंमल तासाभरात उतरतो. मग त्या माणसाने, दुखणं परत आलेलं असताना, स्वतः सांगायचं की शमनी बंद राहू दे की पुन्हा चालू करा.

"आणि ती व्यक्ती म्हणाली, चालू करा," कुलथे सर म्हणाले, "तर मी कुठल्या तोंडाने बाकीच्यांच्या बंद करू? विषय तिथेच संपेल."

"मी बसते," केतकी म्हणाली. त्यांनी तिच्याकडे अशा काही आदराने पाहिलं की तिला त्यांची चूक दुरुस्त करावीशी वाटली. घाबरणाऱ्याला धीर लागतो. तिला फक्त दुपार मोकळी करून घ्यावी लागणार होती.

निनादने मात्र ऐकून घेतल्यावर ताट सारलं.

"नाही," तो म्हणाला. "तुला आठवत नाही म्हणून तू हो म्हणालीस."

"आठवतंय मला."

"आठवतं, पण दुखत नाही. माझं उलटं आहे. मला अजून दुखतं." त्याने पंख्याकडे बोट केलं. "हा लावताना आजही माझा हात बटणावर थांबतो. तू बरी झालीस तेव्हा मी ठरवलं, ही जशी आहे तशी चालेल. हसली नाही तरी चालेल, माझ्यावर जीव लावला नाही तरी चालेल. तुला वाटतं मला कळलं नव्हतं? शर्वीच्या आधी कळलं. मी कानाला खडा लावला की बोलायचं नाही."

केतकीने त्याचं म्हणणं पूर्ण ऐकलं. हा माणूस दोन वर्षं एकटा राहत होता, असं तिच्या लक्षात आलं. एखाद्या पट्टीवरचा डाग लक्षात यावा तसं आलं, आणि तसंच राहिलं.

"मी बाद म्हणते ती पट्टी बाद असते," ती म्हणाली. "ती माझ्या डोक्यात आहे म्हणून पास कशी करू?"

ताट पुन्हा ओढून त्याने जेवण संपवलं. येणार का, असं तिने विचारलं तेव्हा त्याने मान डोलावली.

शमनी बसवणाऱ्या डॉक्टर पिंगळे यांच्या दवाखान्यात त्या दुपारी पाचजण होते. केतकी खुर्चीत. निनाद आणि शर्वी भिंतीशी. कुलथे सर दाराजवळ. डॉक्टरांच्या मांडीवर टॅबलेट होता, त्यावर एक बटण.

"चालू करा असं म्हणावंसं वाटलं तर नुसता हात वर करा," डॉक्टर म्हणाल्या. "बोलू नका. बोलण्याने कळ येईल."

बटण दाबलं. निनादने न सांगता पंखा बंद केला आणि खिडकी लावून घेतली.

कितीतरी वेळ काही झालं नाही. मग केतकीच्या ध्यानात आलं की कुलथे सर सतत एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकताहेत आणि त्यांचा बूट करकरतो आहे. तिला वाटलं, या माणसाला एका जागी नीट उभं राहता येत नाही का. वाटलं आणि ती चमकली. तिला राग आला होता. इतका फालतू राग, आणि तो अंगभर पसरत चालला होता. त्याच्या मागोमाग भीती आली. तिचे तळवे ओले झाले. आता काय येणार आहे ते तिला पुरतं माहीत होतं, आणि पळून जावंसं वाटत होतं.

कळ आली. पूर्वीसारखीच, गालफडातून डोळ्यापर्यंत, पांढरी. केतकी किंचाळली. किंचाळताना ओठ हलले म्हणून दुसरी आली. निनाद भिंतीपासून सुटून पुढे आला, पण डॉक्टरांनी त्याला थांबवलं. हात वर नव्हता. केतकीने दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली होती, कारण उजवा हात तिला न विचारता वर जायला बघत होता. तिला शमनी हवी होती. तहानेसारखी हवी होती. बाकीच्या हजारोंचं तिला आत्ता काही पडलं नव्हतं, आपल्या पास-नापासाचंही नाही. एक हात वर केला की सगळं गार होईल आणि परत कधी काही वाटायचं नाही.

दोन कळांच्या मध्ये थोडी उसंत असते. त्या उसंतीत तिला नानांचे पाय आठवले.

तिरडी उचलायच्या आधी कुणीतरी म्हणालं होतं, बाई, पायाला हात लाव. तिने लावला होता. पाय गार होते, आणि तिने ते गार आहेत अशी नोंद घेऊन हात काढून घेतला होता, कारण आत दूध उतू जात होतं. तेच गार पाय आता तिच्या तळहाताखाली होते. टाचांना भेगा होत्या. त्या भेगा तिने बघितल्या होत्या, तेव्हाही बघितल्या होत्या, आणि त्या आता, इतक्या महिन्यांनी, तिच्या तळहाताला बोचल्या. आपला बाप गेला. फोन करायला कुणी नाही. त्या माणसाला आपण शेजारच्या गल्लीतलं कुणी गेल्यासारखं पोचवून आलो.

डोळे भरले. उजव्या डोळ्यातलं पाणी सरळ खाली ओघळलं. डाव्या डोळ्यातलं गालावर उतरलं, आणि एका थेंबाच्या स्पर्शाने आख्खा चेहरा फाटला.

रडायचीसुद्धा सोय नव्हती. रडलं की थेंब, थेंब पडला की कळ, कळ आली की पुन्हा डोळ्यांना पाणी. शर्वी तोंडावर हात दाबून उभी होती. निनादने डॉक्टरांच्या हाताला हिसका दिला आणि टॅबलेट स्वतःकडे ओढला.

"बस झालं. मी चालू करतोय. केतकी, बस झालं ना?"

तिने खुर्चीवरची पकड सोडली. डॉक्टर तिच्या हाताकडे बघत होत्या, कुलथे सरही. हात वर गेला नाही. तो पुढे आला आणि त्याने निनादचं मनगट धरलं. इतकं घट्ट की त्याच्या बोटांतून टॅबलेट सुटून डॉक्टरांच्या मांडीवर पडला.

"नको," ती म्हणाली. तो एक शब्द उच्चारल्यावर तिला बराच वेळ डोळे मिटून बसावं लागलं.

दाराशी कुलथे सरांनी खिशातून फोन काढला. त्यांनी आधी समितीला लावला नाही. घरी लावला आणि आईला फोन द्यायला सांगितलं, आणि बोलत बोलत ते बाहेर निघून गेले.

केतकीने डोळे उघडले. तिचा चेहरा एका बाजूला वाकडा झाला होता, नाक गळत होतं आणि ते पुसायचीही तिची छाती नव्हती. तिने निनादचं मनगट सोडलं नव्हतं.

"नाना गेले, निनाद," ती म्हणाली. प्रत्येक शब्दागणिक वीज गालातून जात होती, तरी तिने वाक्य पुरं केलं.

निनादने नानांना खांदा दिला होता. त्यांचे कपडे त्यानेच बांधून ठेवले होते, चष्मा त्याच्याच कपाटात होता. तो तिच्या पायांशी जमिनीवर बसला.

"हो गं," तो म्हणाला. "गेले."